बाळाच्या पॅनकेकचं कोरडं मिक्स घरी करताना: क्रम, वाळवण आणि नेहमी होणाऱ्या चुका

गेल्या काही महिन्यांत आमच्या बिल्डिंगमधल्या आणि नात्यातल्या पाच-सहा जणांनी हे मिक्स करून बघितलं आणि जवळपास प्रत्येकाचं काहीतरी बिघडलं. कोणाचं पीठ दहा दिवसांत कुबट झालं, कोणाला जाळी लागली, कोणाचं धिरडं वरून खरपूस आणि आत चिकट गोळा, आणि एकीने तर सात प्रकारची धान्यं, बदाम, काजू सगळं एकदम दळून आणलं, बाळाच्या अंगावर पुरळ आलं आणि कशाने आलं तेच कळेना. रेसिपी सगळ्यांकडे होती, प्रमाणही बरोबर होतं. चुकत होता तो क्रम, आणि वाळवण. म्हणून मी घरी लेकीसाठी जसं करतो ते पहिल्यापासून लिहितोय, पायऱ्या गाळू नका.

पॅनकेक म्हणा, छोटी धिरडी म्हणा, गोष्ट तीच. यात साखर नाही, मीठ नाही, दुधाची पावडर नाही, बेकिंग पावडर किंवा सोडा नाही.

## सुरू करायच्या आधी: बाळ तयार आहे का?

वरचं खाणं सहा महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे १८० दिवसांनंतर. तेही बाळ मान धरत असेल, आधाराने नीट बसत असेल आणि तोंडात घातलेलं जिभेने बाहेर ढकलत नसेल तर. आईचं दूध चालूच ठेवायचं, ते दोन वर्षं आणि पुढेही चालतं. उष्टावण झालं म्हणून दुसऱ्या दिवशी धिरडं हातात द्यायचं नाही, आधी दोन-तीन आठवडे पेज, मऊ खिमट, कुस्करलेली भाजी हे जमू दे. आमच्याकडे धिरडं साडेसातव्या महिन्यात आलं. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, वजन वाढत नसेल, अंगावर एक्झिमा (कोरडी, खाजरी, लालसर त्वचा) असेल किंवा घरात कोणाला अ‍ॅलर्जी असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा, मगच बाजारात जा.

## टप्पा १: प्रत्येक धान्य आधी एकेकटं द्या

हा टप्पा सगळे गाळतात, आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. मिक्समध्ये जे जे घालणार आहात ते ते बाळाने आधी सुटं खाल्लेलं पाहिजे. तांदळाची पेज तीन दिवस, मग मूगडाळीचं पाणी नाही, तर शिजवून घोटलेली मूगडाळ तीन दिवस, मग नाचणीची खीर तीन दिवस. प्रत्येक नवीन पदार्थ सकाळी द्यायचा, एक-दोन चमचेच, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं आणि डॉक्टरही उपलब्ध असतात. रात्री आठला नवीन काही देऊ नका.

पित्त उठल्यासारखे चट्टे, ओठ किंवा डोळे सुजणं, लागोपाठ उलट्या असं दिसलं तर तो पदार्थ थांबवून लगेच डॉक्टर. श्वास घ्यायला त्रास होतोय किंवा बाळ एकदम मलूल पडलं तर थेट हॉस्पिटल, किंवा १०८ ला फोन. थांबून बघायचं नाही.

अंडं, शेंगदाणा, गहू, दूध, तीळ, सुकामेवा हे नेहमी अ‍ॅलर्जी देणारे पदार्थ. ते टाळायचे असं नाही, पण कोरड्या मिक्समध्ये दळून टाकायचे नाहीत. ते त्या त्या दिवशी वरून घालायचे, म्हणजे काही झालं तर काय काढायचं ते कळतं.

✔ तपासा: तांदूळ, मूगडाळ, नाचणी, तिन्ही वेगवेगळे खाऊन बाळ व्यवस्थित आहे? मगच पुढे.

## टप्पा २: सामान आणि प्रमाण

पहिल्या घाण्याला एवढंच घ्या:

नाचणी पाव किलो
तांदूळ १२५ ग्रॅम (साधा जुना कोलम चालतो, महाग बासमती नको)
पिवळी मूगडाळ १२५ ग्रॅम

वाटीने मोजायचं तर दोन, एक, एक. चाळून झाल्यावर साडेचारशे ग्रॅमच्या आसपास पीठ हातात येतं. एका वेळेला दोन टेबलस्पून लागतात, म्हणजे वीसेक वेळा होतं. याच्या वर करू नका, विशेषतः जून ते सप्टेंबर, तेव्हा तर याच्या निम्मंच करा.

नाचणी का, तर १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम असतं, दुसऱ्या कुठल्या रोजच्या धान्यात एवढं नसतं. पण नाचणीत ग्लूटेन (गव्हातलं पीठ धरून ठेवणारं चिकट प्रोटीन) नाही, त्यामुळे नुसत्या नाचणीचं धिरडं तव्यावर तुटतं. मूगडाळीचं पीठ ते धरून ठेवतं, आणि प्रोटीनही देतं. तांदळाने हलकेपणा येतो. फक्त तांदळाचं करू नका, तांदळात थोडं आर्सेनिक (एक विषारी द्रव्य) असू शकतं म्हणून बाळाला रोज तेच एक धान्य नको.

नाचणी अख्खी घ्या, तयार पीठ नको. तयार नाचणीसत्वाचा डबा उचलायचाच असेल तर मागचं बारीक लिहिलेलं वाचा. साखर, गूळ पावडर, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर), दूध पावडर, फ्लेवर यातलं काही ना काही बऱ्याचदा निघतं. आयएनएस म्हणजे पाकिटावर मिसळलेल्या पदार्थांना दिलेले नंबर: आयएनएस ५०० म्हणजे सोडा, आयएनएस ३२२ म्हणजे लेसिथिन (तेल-पाणी एकजीव ठेवणारं), हे नंबर लक्षात ठेवले की पुढे कुठलंही पाकीट पटकन वाचता येतं.

⚠ हे अजिबात घालायचं नाही: मध (एक वर्षाच्या आत मधातून बॉट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा धोका असतो, भाजला-शिजवला तरी), मीठ, साखर, गूळ, खजूर पावडर. आणि जायफळ. घरातली मोठी माणसं झोप चांगली लागते म्हणून जायफळ उगाळून घालायला सांगतात, मायेनेच सांगतात, पण जास्त गेलं तर ते विषारी आहे आणि एवढ्याशा बाळाला किती म्हणजे जास्त हे घरी ठरवता येत नाही. आमच्या आईला हे पटायला दोन दिवस लागले, शेवटी डॉक्टरांनीच तिला समजावलं.

## टप्पा ३: निवडणं, धुणं, मोड

नाचणी परातीत पसरून निवडा, मग भरपूर पाण्यात रोळून घ्या. रोळणं म्हणजे पातेलं गोल हलवत वरची नाचणी पाण्याबरोबर दुसऱ्या पातेल्यात काढायची, खाली बारीक वाळू आणि खडे राहतात ते फेकायचे. हे निदान चार वेळा. शेवटच्या वेळी तळाशी बोट फिरवून बघा, कचकच लागली तर अजून एकदा. नाचणीचा खडा चाळणीतून जातो आणि बाळाच्या तोंडात येतो, म्हणून इथे घाई नको.

मग आठ ते दहा तास भिजत. रात्री घातली की सकाळी उपसायची, चाळणीत अर्धा तास निथळत ठेवायची आणि धुतलेल्या सुती पंचात सैल बांधून झाकून ठेवायची. मुंबईच्या उकाड्यात २४ तासांत पांढरे टोक दिसतात, पावसाळ्यात तर कधी त्याच्याही आधी. मोड दोन-तीन मिलिमीटर आला की बस्स. लांब कोंब येऊ दिले तर चव कडवट होते.

पुरचुंडी दर सात-आठ तासांनी उघडून हलवा, कोरडी वाटली तर हाताने पाणी शिंपडा. उघडल्यावर ताज्या ओल्या धान्याचा वास यायला हवा. आंबूस वास, बुळबुळीत हात किंवा मोडांवर कापसासारखी करडी-काळी बुरशी दिसली तर सगळी नाचणी फेकायची. धुवून वाचवायची नाही, भाजली की जाईल असंही नाही, बुरशीचं विष भाजून जात नाही.

तांदूळ आणि डाळ भिजवायची नाही. दोन-तीन पाण्यातून पटकन धुवायची आणि लगेच निथळायची.

## टप्पा ४: वाळवण, आणि मुंबईत इथेच सगळं बिघडतं

गावाकडे अंगणात उन्हात टाकलं की झालं. आपल्याकडे खिडकीची ग्रिल, समोरचा रस्ता, धूळ आणि कबुतरं. पहिल्यांदा मी ग्रिलमध्ये परात ठेवली होती, तासाभराने बघतो तर नाचणीत कबुतराचं पीस आणि कडेला घाण. सगळी टाकून दिली. बाळाचं धान्य खिडकीत, गच्चीत उघडं ठेवायचंच नाही.

घरात, आतल्या खोलीत, जमिनीवर स्वच्छ चादर, त्यावर सुती कापड, त्यावर तिन्ही धान्यं वेगवेगळी आणि अगदी पातळ थरात, दाणा दाण्यावर चढू नये असं, आणि पंखा फुल. वरून मलमलचं कापड. तांदूळ-डाळीला एक रात्र पुरते, मोडाच्या नाचणीला दीड दिवस तरी. मधे तीन-चार वेळा हात फिरवून दाणे उलटे करा.

पावसाळ्यात नुसत्या पंख्याने काम होत नाही, हवेतच इतकी ओल असते. तेव्हा पंख्याखाली दहा-बारा तास, मग ओव्हन असेल तर सगळ्यात कमी तापमानावर, ६० अंशाच्या आसपास, दार किंचित उघडं ठेवून तास-दोन तास. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत एकदम मंद आचेवर सतत हलवत. जुलैमध्ये सलग पाऊस असेल तर मी मोड काढतच नाही, नाचणी धुवून वाळवून भाजून दळतो. मोडाने पचायला हलकं होतं आणि लोह जास्त लागू पडतं हे खरं, पण बुरशी आलेल्या मोडापेक्षा बिनमोडाची नाचणी कितीतरी बरी.

✔ तपासा: एक दाणा दाताखाली धरा. कट्‌कन तुटला तर वाळला. चेपला, चिवट लागला तर परत पंख्याखाली. मोड बोटांनी चोळले की गळून पडायला हवेत, ते सुपात पाखडून काढा.

## टप्पा ५: भाजणं, वेगवेगळं

तिन्ही एकदम कढईत टाकू नका. नाचणी बारीक, ती आधी करपते आणि डाळ कच्ची राहते. कच्च्या डाळीचं पीठ म्हणजे उग्र वास आणि बाळाला गॅस.

मंद आचेवर, तेल-तूप काही न घालता, डाळ सहा-सात मिनिटं, हलका गुलाबी रंग आणि खमंग वास येईपर्यंत. तांदूळ साधारण तेवढाच वेळ, दाणा पांढराफटक होऊन किंचित फुगतो. नाचणी दुप्पट असते म्हणून आठ-दहा मिनिटं, तडतड आवाज यायला लागला की उतरवा. लालसर-तपकिरी होईपर्यंत भाजू नका, ते चकलीच्या भाजणीला ठीक आहे, बाळाच्या पिठात कडवटपणा येतो.

कढईतून लगेच परातीत काढा, कढईत ठेवलं तर खालचं करपतं. आणि आता दोन तास थांबा. पूर्ण गार होऊ दे. गरम धान्य दळलं की पिठाला घाम सुटतो, डबा बंद केला की आत ओल, आणि मग आठवड्यात कुबट वास. ज्यांचं पीठ लवकर खराब झालं त्यांच्यातल्या निम्म्यांनी तरी हीच घाई केलेली होती.

## टप्पा ६: दळणं

बाहेरच्या चक्कीवर देऊ नका, शक्यतो. आमचा पहिला घाणा मी घराजवळच्या एका गिरणीवर दिला. एप्रिल महिना होता, परळ-लालबागला मसाल्यांचा सीझन. पीठ दिसायला मस्त, पण लेकीने पहिला घास घेतला आणि तोंड वेडंवाकडं करून रडायलाच लागली, ओठाभोवती लाल लाल झालं. मी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं तर मिरचीचा झणका. आधीच्या कोणाच्या तरी दळणाची मिरची जात्यात राहिली होती. तिखटाचं सोडा, पण अशाच पद्धतीने आधीचा गहू, बेसन, सोयाबीन तुमच्या पिठात येतं आणि टप्पा १ मध्ये केलेली सगळी मेहनत वाया.

एवढ्याशा धान्याला मिक्सर पुरतो. भांडं पूर्ण कोरडं, मसाल्याचं नको. एका वेळी मूठ-दीड मूठ धान्य, वीस सेकंद चालवा, थांबा, परत वीस सेकंद. सलग फिरवलं तर भांडं तापतं. कोणाकडे घरघंटी असेल तर उत्तम, फक्त आधी मूठभर साधे तांदूळ दळून ते पीठ बाजूला काढा आणि मग आपलं घाला. चक्कीशिवाय पर्यायच नसेल तर सकाळचं पहिलं दळण मागा आणि आपले अर्धा किलो तांदूळ आधी फिरवून घ्यायला सांगा.

मग मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळा. अगदी लहान बाळ असेल तर वस्त्रगाळ करा, पातळ मलमलमधून. चाळणीत जे जाडसर राहील ते परत मिक्सरमध्ये, त्यानंतरही राहिलं ते मोठ्यांच्या थालीपिठात. शेवटी तिन्ही पिठं परातीत एकत्र करून हाताने पाच मिनिटं नीट मिसळा. हात कोरडा.

## टप्पा ७: भरून ठेवणं

दळलेलं पीठ तासभर पसरून गार करा. काचेची किंवा स्टीलची घट्ट झाकणाची बरणी, उन्हात किंवा ओव्हनमध्ये कोरडी केलेली. बरणीवर तारीख लिहून चिकटवा. बाहेर दोन आठवडे, फ्रीजमध्ये महिनाभर, पावसाळ्यात सरळ फ्रीजच. आठवड्यापुरतं छोट्या डब्यात वेगळं काढा, म्हणजे मोठी बरणी रोज उघडली जात नाही आणि बाहेरची दमट हवा आत जात नाही. चमचा कायम कोरडा.

बदामाची किंवा शेंगदाण्याची पूड यात मिसळून ठेवायची नाही, तेल सुटून खवट होते आणि सगळं पीठ घेऊन जाते. ती वेगळ्या डबीत, फ्रीजमध्ये, थोडीशी.

⚠ गुठळी, जाळी, सोंडे, खवट किंवा मातीसारखा वास, यातलं एक जरी आढळलं तरी सगळं टाकायचं. चाळून वापरणं मोठ्यांच्या पिठाला ठीक, इथे नको.

## टप्पा ८: तव्यावर

दोन टेबलस्पून मिक्स, अर्धं पिकलेलं वेलची केळं अगदी घोटून, आणि चार-पाच टेबलस्पून उकळून गार केलेलं पाणी. केळ्याऐवजी वाफवलेला लाल भोपळा, सफरचंद किंवा गाजर चालतं. अंडं आधी देऊन झालं असेल तर एक छोटं फेटलेलं अंडं घाला आणि पाणी कमी करा, सोड्याशिवाय फुगतं ते अंड्यानेच. पाणी एकदम ओतू नका, मोडाच्या पिठाला पाणी कमी लागतं. दहा मिनिटं झाकून ठेवा, पीठ पाणी पितं, मग बघा: चमच्यातून धार न पडता सावकाश ओघळलं पाहिजे, इडलीच्या पिठासारखं.

बिडाचा तवा असेल तर छान, नाहीतर नॉनस्टिक. तवा तापवा, मग आच बारीक करा, पाव चमचा तूप फिरवा आणि चमचाभर पीठ टाकून बिस्किटाएवढं गोल पसरा. जाडी अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा कमी. मोडाचं पीठ शिजताना आतून चिकट होतं, म्हणून हॉटेलसारखा जाडजूड पॅनकेक यातून होत नाही, तो नाद सोडा. झाकण ठेवून दोन मिनिटं. वरचा ओला चकाकणारा भाग पूर्ण सुकला, कडा आपोआप सुटल्या, मगच उलथा. आधी उलथनं घातलं की तुटणार. दुसरी बाजू झाकणाशिवाय दीड मिनिट.

✔ तपासा: एक मधोमध तोडा. आत ओलसर चकाकी नको. मग तुकडा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबा, सहज चुरला पाहिजे. रबरासारखा परत फुगला तर बाळाला देऊ नका, पुढच्या वेळी थोडं पाणी आणि फळ वाढवा.

## टप्पा ९: भरवताना

सात-आठ महिन्यांच्या बाळाला दोन बोटं रुंद आणि बोटाएवढी लांब पट्टी, मुठीत धरून वर टोक उरेल अशी. चिमटीने उचलायला लागलं, साधारण नऊ महिन्यांनंतर, की वाटाण्याएवढे तुकडे. गार करून, ताठ बसवून, समोर मोठं माणूस असतानाच. झोपवून, कडेवर फिरवत, टॅक्सीत, ट्रेनमध्ये द्यायचं नाही.

उमासा येणं आणि अडकणं यात फरक आहे. उमासा आला की बाळ लाल होतं, खोकतं, आवाज करतं आणि स्वतः बाहेर काढतं, तेव्हा तोंडात बोट घालू नका. आवाजच बंद झाला, चेहरा निळसर पडायला लागला तर अडकलंय: बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून दोन खांद्यांच्या मधे पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाब, निघेपर्यंत आलटून पालटून, आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. भरवायला सुरुवात करायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी, बाळ सांभाळायला येणाऱ्या ताईंनीसुद्धा, हे एकदा डॉक्टरांकडून बघून घ्या.

धिरड्याबरोबर संत्र्याची साल काढलेली मऊ फोड किंवा पिकलेल्या पेरूचा बिया काढलेला गर द्या, सी व्हिटॅमिनमुळे धान्यातलं लोह जास्त शोषलं जातं. आणि डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिले असतील तर नाचणी चालू केली म्हणून ते बंद करू नका, नाचणीने ती गरज भागत नाही.

## उरलेलं काय करायचं

भिजवलेलं पीठ मुंबईच्या हवेत तासाभराच्या वर बाहेर नको, दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचंच नाही, कोरडं मिक्स करून ठेवतो ते याच्याचसाठी. बाळाने चावलेला तुकडा टाकून द्या किंवा तुम्ही खा. न उष्टावलेली धिरडी गार करून डब्यात फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतात, मधे बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये महिनाभर. खायला देताना तव्यावर झाकण ठेवून पूर्ण गरम करा, एकदाच.

बरणी संपत आली की तळाला चमचा-दोन चमचे जुनं पीठ राहतं आणि त्यावरच नवीन ओतायचा मोह होतो. ते काढून टाका, बरणी साबणाने धुवा, एक दिवस पूर्ण कोरडी होऊ दे, जुनी तारीख काढून नवीन चिकटवा, मग भरा.